राष्ट्राचा चेहरा कोण रंगवतो?

२०१६ चा डिसेंबर महिना. काही आठवड्यांसाठी मी अमेरिकेत, न्यू जर्सीला बहिणीकडे राहायला होतो. अध्यक्षपदाची निवडणूक नुकतीच झाली होती. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधू आणि मुसलमानांना देशात येऊ देणार नाही, असे प्रचारात जाहीरपणे सांगणारे डोनाल्ड ट्रम्प निवडून आले होते. घरात दिवसभर टीव्ही सुरू आणि जेवणाच्या वेळीही तोच विषय. एका सकाळी भाचा कंटाळून म्हणाला, "मामू, फिलाडेल्फियाला मेक्सिकोच्या चित्रांचं प्रदर्शन लागलंय. ह्या टीव्हीपेक्षा ते बघून येऊ."

फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टमधल्या त्या प्रदर्शनाचे नाव होते 'पेंट द रेव्होल्यूशन : मेक्सिकन मॉडर्निझम, १९१०-१९५०'. म्हणजे क्रांतीचे चित्र काढा! जॉन डॉस पॅसोस या अमेरिकन लेखकाने १९२७ मध्ये मेक्सिकोची भित्तिचित्रे पाहून एक लेख लिहिला होता, त्याचेच हे शीर्षक. मेक्सिको सिटीच्या पॅलेस ऑफ फाइन आर्ट्ससोबत मिळून हे प्रदर्शन भरवले होते. दालनात इंग्रजीइतकीच स्पॅनिश कानावर पडत होती. दक्षिण फिलाडेल्फियात मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातून आलेली अनेक कुटुंबे राहतात. एक बाप आपल्या धाकट्या मुलाला उचलून चित्रातल्या माणसांची ओळख करून देत होता. बाहेर ज्यांच्या नावाने भिंतीची भाषा चालली होती, ते आत शांतपणे आपल्या पूर्वजांना भेटत होते.

चित्रकलेतले मला फारसे कळत नाही. इतिहास वाचणारा माणूस असल्याने चित्राआधी त्याचे साल बघायची सवय. त्या सालांच्या मागे जाताना एक प्रश्न मात्र सोबत राहिला. एखाद्या राष्ट्राचा चेहरा आधीपासून असतो, की कोणीतरी बसून तो रंगवलेला असतो?

पॅरिसकडे बघणारा देश

पोर्फिरिओ दियास १८७६ मध्ये मेक्सिकोच्या सत्तेवर आला आणि मधली चार वर्षे वगळता १९११ पर्यंत सत्तेत राहिला. त्याच्या काळात रेल्वे आली, खाणी वाढल्या, परदेशी भांडवल आले. जमीन मात्र मूठभर जमीनदारांच्या हाती गोळा झाली. गावांच्या सामाईक जमिनी गेल्या. कर्जाच्या विळख्यात सापडलेला शेतमजूर मालकाच्या मळ्याला कायमचा बांधला गेला. या मजुराला तिथे 'पेऑन' म्हणतात. आपल्याकडचा वेठबिगार म्हणा.

वरच्या वर्गाचे डोळे तेव्हा पॅरिसकडे लागलेले होते. १९०४ मध्ये राजधानीत पॅलेस ऑफ फाइन आर्ट्सचे काम सुरू झाले, तेव्हा वास्तुविशारद इटलीचा आणि संगमरवरही इटलीतल्या कराराचा. खुद्द दियासच्या आईचे घराणे मिश्तेक या मूलनिवासी समाजातले. पण गव्हाळ-सावळ्या चेहऱ्याचा, अनवाणी, विणलेली टोपी घातलेला माणूस हाच आपला देश आहे, असे म्हणायची तयारी सत्तेची नव्हती.

१९१० मध्ये फ्रान्सिस्को मादेरोने दियासविरुद्ध बंडाची हाक दिली. दक्षिणेत एमिलियानो सापाताने जमिनीसाठी शेतकरी उठवले, उत्तरेत पांचो व्हियाने फौज उभी केली. पुढची दहा वर्षे रक्तपाताची होती. मादेरो १९१३ मध्ये मारला गेला, सापाता १९१९ मध्ये. १९१० च्या जनगणनेत मेक्सिकोची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५१ लाख होती. १९२१ मध्ये ती १ कोटी ४३ लाखांवर आली. लढाया, उपासमार, साथी आणि स्थलांतर यांनी देश पोखरून काढला होता.

भिंतींना काम मिळाले

देश असा मोडून पडलेला असताना १९२१ मध्ये नवे शिक्षण मंत्रालय स्थापन झाले आणि होसे वास्कोन्सेलोस त्याचे पहिले मंत्री झाले. त्यांनी गावोगावी शाळा आणि ग्रंथालये काढली. होमर, प्लेटो, दान्ते, टॉलस्टॉय यांची पुस्तके सरकारी खर्चाने छापली. त्या मालेत आपले रवींद्रनाथ टागोरही होते. पण बहुसंख्य जनतेला लिहिता-वाचता येत नव्हते. तेव्हा सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हवाली करण्यात आल्या.

दिएगो रिवेरा चौदा वर्षे युरोपात काढून १९२१ मध्ये परतला होता. १९२३ ते १९२८ या काळात त्याने शिक्षण मंत्रालयाच्या दोन चौकांभोवतीच्या तीन मजल्यांवर दोनशेहून अधिक चित्रचौकटी रंगवल्या. देवदूत आणि राजे यांच्या जागी विणकर, खाणकामगार, बाजारातल्या बाया, गावातली शिक्षिका आली. ही चित्रे फ्रेस्को पद्धतीची आहेत. चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावायचा, गिलावा वाळला की रंग भिंतीचाच होऊन जातो. चुकले तर खरवडून पुन्हा गिलावा करायचा. त्यामुळे एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी करायचा. गवंडी आणि चित्रकार यांच्यात फार अंतर उरत नाही.

१९२३ च्या अखेरीस दाविद अल्फारो सिकेरोसने चित्रकारांच्या संघटनेचा जाहीरनामा लिहिला. चौकटीतले चित्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी असते, ते आम्हाला नको, कला सर्वांच्या मालकीची असावी, अशी त्याची भूमिका होती. आता तीच मंडळी चौकटींतून तिकीट काढून आलेल्यांकडे बघत होती! भिंती काही फिलाडेल्फियाला आणता येत नाहीत. म्हणून आयोजकांनी काही भित्तिचित्रे मोठ्या पडद्यांवर दाखवली होती.

ऊस आणि चाबूक

दोन फ्रेस्को मात्र खरेखुरे होते, कारण ते याच संग्रहालयाच्या मालकीचे. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनासाठी रिवेराने हलवता येतील अशा पाट्यांवर ते रंगवले होते.

पहिले 'ऊस'. मागे वाकून काम करणारे मजूर, घोड्यावर हत्यारबंद मुकादम, व्हरांड्यात जाळीच्या झोपाळ्यात पहुडलेला गोरा मालक आणि अगदी पुढे पपया गोळा करणारी बाई आणि लेकरे. ऊसतोडीच्या फडाजवळून ज्याने आयुष्यात एकदा तरी प्रवास केला आहे, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे 'पेऑनची मुक्तता'. मालकाचा मळा मागे जळतो आहे. खांबाला बांधून चाबकाने फोडलेल्या मजुराची दोरी क्रांतीचे सैनिक कापत आहेत, त्याच्या उघड्या अंगावर पांघरूण घालत आहेत. ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाची जुनी युरोपीय चित्रे असतात, रचना थेट तीच. फक्त क्रुसावरून उतरलेला माणूस आता मेक्सिकोचा शेतमजूर आहे. चर्चशी क्रांतीचे उघड वैर होते. १९२६ ते १९२९ या काळात सरकार आणि कॅथलिक बंडखोर यांच्यात युद्धच झाले. तरीही लोकांच्या काळजाला हात घालायचा तर भाषा त्यांच्या श्रद्धेचीच घ्यावी लागली.

या चित्रांपुढे उभे राहिल्यावर मी काही काळ भारावलो, हे कबूल करतो. ज्याला शतकानुशतके दाराबाहेर ठेवले, त्याला सरकारी भिंतीवर मधोमध जागा देणे ही लहान गोष्ट नव्हती.

फ्रिदाचा पोशाख

पुढच्या दालनात फ्रिदा काहलोचे १९३२ मधले एक छोटे चित्र होते. मेक्सिको आणि अमेरिका यांच्या सीमेवर, एका चौथऱ्यावर ती स्वतः उभी आहे. गुलाबी झगा, एका हातात सिगारेट, दुसऱ्या हातात मेक्सिकोचा छोटा ध्वज. डावीकडे प्राचीन मंदिराचे अवशेष, सूर्य, चंद्र आणि जमिनीत मुळे रोवलेली फुलझाडे. उजवीकडे फोर्ड कारखान्याची धुरांडी आणि त्यांच्या धुरात अमेरिकेचा झेंडा. रिवेरा तेव्हा डेट्रॉइटमध्ये कारखान्यांची भित्तिचित्रे रंगवत होता आणि फ्रिदा सोबत होती. नीट पाहिले तर उजवीकडच्या यंत्रांच्या तारा जमिनीखालून डावीकडच्या मुळांना जाऊन मिळतात. वर सीमा, खाली गुंता. त्या डिसेंबरात या चित्रापुढे गर्दी होती, यात नवल नव्हते.

फ्रिदाचे वडील जर्मनीतून आलेले छायाचित्रकार. आईकडून मूलनिवासी आणि स्पॅनिश वारसा. तेहुआंतेपेकच्या स्त्रियांचा पोशाख, म्हणजे तेहुआना, तिने आपला नित्याचा वेश करून टाकला. जन्म १९०७ चा, पण ती सांगायची १९१०, म्हणजे क्रांतीचे साल. याला लबाडी म्हणून सोडून देता येणार नाही. आपण कोण, हे ती स्वतः ठरवत होती आणि चित्रात उतरवत होती. तिचा देशही तेच करत होता.

पण मेक्सिको सिटीतल्या एका शिकलेल्या चित्रकर्तीने तेहुआना वेश स्वतः निवडणे वेगळे आणि तेहुआंतेपेकच्या बाईला देशाने फक्त त्या वेशातच ओळखणे वेगळे. रिवेराच्या १९२८ च्या 'तेहुआंतेपेकमधले नृत्य' या भल्यामोठ्या चित्रापुढे मला हा फरक जाणवला. चित्र देखणे आहे, पण त्यातल्या माणसांचे चेहरे जवळपास सारखे. लक्षात राहतो तो पोशाख.

माझ्या शाळेतला एक प्रसंग आठवला. प्रजासत्ताक दिनाला राष्ट्रीय एकात्मतेचा देखावा होता. मला शेरवानी आणि लाल गोंड्याची टोपी देऊन उभे केले. तशी टोपी आमच्या घरात कोणी कधी घातली नव्हती. अब्बा सदरा-पायजम्यात शेतावर जायचे, अम्मी नऊवारी नेसायची, घरात दख्खनी आणि दारात मराठी. बाईंचा हेतू चांगलाच होता, आम्ही चित्रात हवे होतो. पण आम्ही जसे होतो तसे त्या चित्रात मावत नव्हतो.

कोर्तेसच्या 'मशिदी'

एका पडद्यावर होसे क्लेमेंते ओरोस्कोची भित्तिचित्रे सरकत होती. अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या ग्रंथालयात १९३२ ते १९३४ मध्ये रंगवलेली ही मालिका. ओरोस्कोला इतिहासाचा असा गौरव पटत नसे. त्याच्या चित्रांत क्रांतीही क्रूर असते. त्या मालिकेत स्पॅनिश सेनापती एर्नान कोर्तेस येतो. अंगात करडे चिलखत, शेजारी क्रूस, पायाशी प्रेते, मागे जळती जहाजे.

कोर्तेसला पाहून मला त्याची पत्रे आठवली. मेक्सिकोवर स्वारी करताना त्याने स्पेनच्या राजाला जी पत्रे लिहिली, त्यांत इथल्या मंदिरांसाठी तो शब्द वापरतो 'मेस्कीता', म्हणजे मशीद. चोलुला शहरात आपण चारशेहून अधिक मनोरे मोजले आणि ते सगळे मशिदींचे आहेत, असे १५२० च्या पत्रात तो लिहितो. मेक्सिकोत तेव्हा मशीद कुठून असणार? पण ग्रॅनडाचे शेवटचे मुस्लिम राज्य १४९२ मध्ये स्पेनच्या ताब्यात गेले होते, त्याला तीस वर्षेही झाली नव्हती. पराभूत करायच्या परक्या धर्माचे स्थान म्हणजे मशीद, एवढाच साचा त्या सैनिकाच्या डोक्यात होता. तो साचा समुद्र ओलांडून गेला. मेक्सिकोतल्या कित्येक गावांत आजही सणाला 'मोरोस' आणि ख्रिश्चन यांच्या लढाईचा नाच होतो. ज्यांनी कधी मुसलमान पाहिला नाही, ते मुखवटा घालून मुसलमान होतात आणि हरतात. दुसऱ्याला न बघताच त्याचे चित्र रंगवायची ही रीत किती जुनी आहे, ते यातून कळते.

चित्रात कोण नाही?

१९१६ मध्ये मानुएल गामिओ या मानववंशशास्त्रज्ञाने 'फोर्हांदो पात्रिया' हे पुस्तक लिहिले. अर्थ, मायभूमी घडवताना. १९२५ मध्ये वास्कोन्सेलोस यांनी 'ला रासा कोस्मिका', म्हणजे वैश्विक वंश, हे पुस्तक प्रसिद्ध केले. सर्व वंश मिसळून लॅटिन अमेरिकेत नवा मानव जन्मेल, अशी त्यांची मांडणी. युरोपात वंशशुद्धीची भाषा जोरात असताना मिश्र रक्ताचा अभिमान बाळगणे धाडसाचेच होते. पण मिश्रणाचा अभिमान जेव्हा राष्ट्रीय धोरण होतो, तेव्हा जो मिसळत नाही तो अडचण ठरतो.

मूलनिवासी माणूस भिंतीवर आला, पण शाळेत भाषा स्पॅनिशच. घरची भाषा वर्गात बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत. भिंतीवर मान आणि वर्गात छडी, दोन्ही एकाच देशात होते. मूलनिवासी भाषांना स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषांचा दर्जा देणारा कायदा यायला २००३ साल उजाडावे लागले.

क्रांतीच्या पहिल्याच टप्प्यात, मे १९११ मध्ये, तोरेओन शहरात क्रांतिकारी सैनिक आणि जमावाने मिळून सुमारे ३०० चिनी रहिवाशांची कत्तल केली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, रिवेरा आणि ओरोस्को जगप्रसिद्ध होत असताना, सोनोरा राज्यातून चिनी कुटुंबांना हाकलून दिले गेले. त्यांत चिनी पुरुषांशी लग्न केलेल्या मेक्सिकन बायका आणि त्यांची मुलेही होती. मिश्रण हवे होते, पण चिनी रक्त त्यात नको होते.

आफ्रिकी वंशाच्या मेक्सिकनांचेही तसेच. १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द करणारे राष्ट्राध्यक्ष विसेंते गेरेरो स्वतः आफ्रिकी वारशाचे होते. त्यांच्या नावाने एक राज्य आहे. तरी आफ्रो-मेक्सिकन समाजाला राज्यघटनेत मान्यता मिळाली २०१९ मध्ये. २०२० च्या जनगणनेत सुमारे २५ लाख ७६ हजार लोकांनी आपली ही ओळख नोंदवली. त्यांची मोजदाद व्हायला इतका काळ जावा लागला.

हे सगळे चित्रकारांच्या माथी मारता येणार नाही. त्यांनी सत्तेशी भांडणेही केली, सिकेरोस तर अनेकदा तुरुंगात गेला. पण ज्या भिंतीवर ते रंगवत होते ती सरकारची होती, हेही खरे.

वर्ध्याचा माणूस

निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा रिवेराच्या पडद्याजवळ थांबलो. शिक्षण मंत्रालयाच्या सर्वांत वरच्या मजल्यावरची 'कोरिदो' मालिका चालू होती. कोरिदो म्हणजे आपल्या पोवाड्यासारखे लोकगीत. रिवेराने त्याचे शब्द चित्रांच्या वरून जाणाऱ्या फितीवर लिहिले आहेत. त्यात १९२८ चे एक चित्र आहे, 'आमची भाकर'. टेबलाभोवती माणसे बसली आहेत आणि मुख्य जागी बसलेला माणूस भाकर मोडून वाटतो आहे.

"हा कोण माहीत आहे का?" मी भाच्याला विचारले. त्याने मान हलवली. हा चेहरा पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा मानला जातो. मूळचे वर्ध्याचे. इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलायला देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत काम केले. मायदेशी परतणे अशक्य झाल्यावर १९२० च्या दशकात मेक्सिकोत आले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या वाणांवर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. त्याच चापिंगोत रिवेरा चॅपल रंगवत होता, दोघांची मैत्री झाली. स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

मला त्या चित्रात महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. रिवेराने या परक्या माणसाला फेटा-धोतर नेसवून 'हिंदुस्थानचा प्रतिनिधी' म्हणून कोपऱ्यात उभे केलेले नाही. तो धान्यावर काम करतो, म्हणून भाकर त्याच्या हातात आहे. आणि नेमक्या याच काळात सोनोरातल्या चिनी दुकानदाराला याच देशात जागा नाकारली जात होती. एकच राष्ट्र, एकच दशक, दोन परके आणि दोन वागणुकी.

आपल्या समाजात तक्रार असते की देशाच्या चित्रात आपण दिसत नाही. तक्रार खोटी नाही. पण मेक्सिकोने मला पुढचे दोन प्रश्न विचारायला शिकवले. दिसतो, तर कोणत्या वेशात दिसतो? आणि भिंतीवर दिसणाऱ्याला शाळेत, जमिनीत, जनगणनेत जागा आहे का? ती नसेल तर भिंतीवरचा चेहरा कितीही सुंदर असो, त्याच्यावर समाधान मानून चालणार नाही.

परतताना गाडीत भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, हे खानखोजे आम्हाला शाळेत का नाही शिकवले?" तो शिकला अमेरिकेत. मी त्याला सांगितले, "आम्हालाही नाही शिकवले. मी तर महाराष्ट्रात शिकलो."